गाडी भंगारात देऊ नका

ओक्लाहोमा सिटी

इथल्या हायवेंवर वकिलांचे फलक जागोजागी दिसतात. मोठा चेहरा, त्याहून मोठा फोन नंबर आणि एकच वचन: केस जिंकलो तरच फी. 1977 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना जाहिरातीची मुभा दिली, तेव्हापासूनचे हे. आपल्याकडून आलेल्याला ते धंदेवाईक वाटते. पण गाडीच्या दोषाने जायबंदी झालेल्या सामान्य माणसाला मोठ्या कंपनीसमोर उभे राहायची ताकद मिळते ती या फीच्या पद्धतीमुळेच.

याच राज्यातला खटला पाहा. सप्टेंबर 2007. एका वृद्ध बाईंची 2005 सालची टोयोटा कॅम्री हायवेवरून खाली उतरताना आवरेना. त्यांनी हँडब्रेक ओढला, टायर घासल्याच्या लांबलचक खुणा रस्त्यावर उमटल्या, तरी गाडी बांधावर आदळलीच. शेजारी बसलेली मैत्रीण दगावली, बाई गंभीर जखमी झाल्या. कंपनी म्हणाली, दोष चालवणारीचा. बाईंचे वय पाहता हे कुणालाही चटकन पटावे. शिवाय 2011 मध्ये नासाच्या अभियंत्यांनाही अशा घटनांमागे इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नव्हता.

वकिलांनी हार मानली नाही. कंपनीचा सॉफ्टवेअर कोडच त्यांनी तज्ज्ञांकडून तपासून घेतला. मायकेल बार आणि त्यांचे सहकारी पहाऱ्यातल्या एका खोलीत महिनोन्महिने तो वाचत होते. आत इंटरनेट नाही, फोन नाही. मेमरीतला एक बिट उलटला तरी थ्रॉटलवरचा ताबा सुटू शकतो, असे बार यांनी ज्यूरीला समजावून सांगितले. ऑक्टोबर 2013 मध्ये ज्यूरीने एकूण 30 लाख डॉलर भरपाई दिली. दंडाची रक्कम ठरण्याआधीच कंपनीने तडजोड केली.

कायद्याचा पाया जुना आहे. वस्तू सदोष होती आणि त्या दोषानेच इजा झाली एवढे सिद्ध झाले की पुरे, उत्पादकाचा हलगर्जीपणा दाखवायची गरज नाही, हे तत्त्व कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली मान्य केले. मग बहुतेक राज्यांनी ते उचलले.

म्हणूनच वकिलाची पहिली सूचना असते: गाडी हातची सोडू नका. विमा कंपनी ती उचलून भंगारात पाठवते आणि पुरावाच संपतो. दावा लावायची मुदत ओक्लाहोमात दोन वर्षे.

वकील भरपाईतला साधारण तिसरा हिस्सा, कधी चाळीस टक्केही घेतात. मला तो जाचक वाटत नाही, कारण तज्ज्ञांचा अवाढव्य खर्च सहसा तेच आधी सोसतात. खटकते ते वेगळेच. ज्याचा फक्त हात मोडला, त्याची केस परवडत नाही म्हणून कुणी घेत नाही. दोष तोच असतो, पण त्याला दाद मिळत नाही.

भारतात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूची जबाबदारी उत्पादकावर टाकली, हे फार चांगले झाले. मात्र निकालावर फी ठरवायला आपल्या वकिलांना मनाई आहे. त्यामुळे ब्रेक तपासणाऱ्या तज्ज्ञाचे पैसे आजही जखमीच्या घरच्यांनाच उभे करावे लागतात.