भिवंडीच्या अंगणात चेरी की ताम्हण?

भिवंडी तालुका यंत्रमागांसाठी व अलीकडे गोदामांसाठी प्रसिद्ध असला, तरी पावसाळ्यात येथील खाचरे आजही भाताने हिरवी होतात. नवे घर बांधणारा शेतकरी हल्ली ओटीपुढे एखादे शोभेचे झाड लावण्याचा विचार करतो, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र गेल्या काही वर्षांत 'चेरीच्या फुलांचे झाड येथे लावता येईल काय?' अशी विचारणा वारंवार होऊ लागली आहे. जपानमधील गुलाबी बहराची चित्रे आता प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसतात. चित्र पाहून रोप मागविले जाते, पैसे खर्च होतात, तीन-चार वर्षे पाणी घातले जाते आणि शेवटी पदरी निराशा येते. हे का घडते आणि त्याऐवजी काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

चेरी येथे का फुलत नाही?

फुलांची चेरी ही प्रूनस या वंशातील झाडे होत. बदाम, जरदाळू व अलुबुखार यांचा हाच वंश. ही झाडे थंड प्रदेशातील आहेत. हिवाळा जवळ येताच त्यांची पाने गळतात व कळ्या गाढ झोपी जातात. ही झोप केवळ ऊन पडल्याने मोडत नाही. तपमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली राहिले असे शेकडो तास कळीला मिळावे लागतात. अवेळी आलेल्या उबेने कळी फसू नये व मागाहून पडणाऱ्या हिमात जळू नये, म्हणून निसर्गाने केलेली ही योजना आहे. आवश्यक तेवढी थंडी भोगल्यानंतरच वसंतातील उबेला कळी प्रतिसाद देते आणि सारे झाड एकदम फुलते.

भिवंडीचा हिवाळा सौम्य असतो. थंडीतील बहुतेक रात्री तपमान १५ अंशांच्या आसपासच असते. त्यामुळे कळीची झोप पुरी मोडत नाही. काही कळ्या फुटतात, काही वाळतात. पालवी विरळ येते व झाड वर्षागणिक खंगत जाते. त्यात येथे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चेरीच्या मुळांना साचलेले पाणी मुळीच सोसत नाही, ती कुजतात. कितीही खत घातले, तरी थंडीची उणीव खताने भरून निघत नाही.

आपल्या देशात चेरीची जात नाही असे नव्हे. पद्म किंवा पद्मकाष्ठ या नावाने ओळखली जाणारी रानचेरी हिमालयात व मेघालयाच्या डोंगरांत वाढते. शिलाँग येथे ती नोव्हेंबरच्या सुमारास फुलते व २०१६ सालापासून तेथे तिच्या बहराचा उत्सवही भरू लागला. परंतु शिलाँग समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे, हे विसरू नये.

नावाने फसू नये

'चेरी' या नावाखाली आपल्याकडे निराळीच झाडे विकली जातात. एका वाडीत प्रस्तुत लेखकास असे एक झाड दाखविण्यात आले. 'तीन वर्षे झाली, गुलाबी बहर काही येत नाही,' अशी मालकाची तक्रार होती. झाडावर बोराएवढी लाल फळे होती व फुले लहान आणि पांढरी होती. ती सिंगापूर चेरी होती. झाड आपल्या धर्माप्रमाणे वागत होते. चूक नावाची होती.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोप ओळखण्यासाठी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

१. खरी चेरी : पानाची कडा करवतीसारखी दातेरी, पानाच्या देठावर, पात्याजवळ, बारीक गाठी, सालीवर आडव्या रेघा.

२. सिंगापूर चेरी : पान लवयुक्त व किंचित चिकट; पानाचा तळ एका बाजूस तिरपा; फुले पांढरी. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातील. पाखरांना हिची फळे फार आवडतात.

३. टॅबेबुया : एका देठावर पंज्याप्रमाणे पाच पाने; फुले गुलाबी, कर्ण्याच्या आकाराची. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला हीच झाडे फुलली की लोक त्यांना 'मुंबईची चेरी' म्हणतात. हेही मूळचे मध्य अमेरिकेकडील झाड असून चेरीशी त्याचे नाते नाही.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकरवी रोप किंवा कलम आणविण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. १९१० साली जपानने अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरास चेरीची २,००० झाडे भेट दिली होती. तपासणीत ती कीड व रोगांनी ग्रासलेली आढळल्याने जाळून टाकावी लागली. १९१२ साली जपानने पुन्हा ३,०२० निरोगी झाडे पाठविली, तेव्हा ती लागली. दोन देशांच्या मैत्रीची भेटही जेथे तपासणीवाचून स्वीकारली गेली नाही, तेथे सामानात लपवून आणलेल्या एका काडीने आपल्या बागा धोक्यात घालणे योग्य नव्हे. भारतातही २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशानुसार अशा आयातीस परवाना व तपासणी आवश्यक आहे.

आपले ताम्हण

मग बहराची हौस सोडून द्यावी काय? मुळीच नाही. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ज्या झाडाचे आहे, ते ताम्हण कोकणातील ओढ्यानाल्यांच्या काठी आपण होऊन वाढते. शास्त्रात त्यास लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा म्हणतात. हिंदीत ते जारूल होय. थंडीच्या अखेरीस पाने तांबूस होऊन गळतात, नवी पालवी येते आणि एप्रिलपासून जूनपर्यंत फांद्यांच्या टोकांवर जांभळ्या फुलांचे उभे तुरे येतात. प्रत्येक फुलास चुणीदार अशा सहा पाकळ्या असतात. १ मे रोजी महाराष्ट्र दिन साजरा होतो, त्या सुमारास हे झाड ऐन बहरात असते. चेरीचा बहर एक-दोन आठवड्यांत ओसरतो. ताम्हणाचा कित्येक आठवडे टिकतो. शिवाय त्याचे लाकूड टिकाऊ असून होड्या व गाड्यांसाठी ते वापरात आहे.

जागेची निवड

दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडावी. सावलीत झाड वाढते पण फुलत नाही. घराच्या भिंतीपासून ४ ते ५ मीटर व दोन झाडांत ६ ते ८ मीटर अंतर ठेवावे. विजेच्या तारांखाली हे झाड लावू नये, कारण ते १० ते १५ मीटर उंच होते. पावसात पाणी तुंबणारा अंगणाचा कोपरा, जेथे अन्य झाडे दगा देतात, तेथेही ताम्हण तग धरते. भाताच्या बांधावर मात्र ते लावू नये. सावलीने पीक कमी येते. ओहोळाचा काठ व पडीक कडा त्यास योग्य होत.

रोपे तयार करणे

डिसेंबर-जानेवारीत बोंडे काळपट तपकिरी होतात. ती उकलण्यापूर्वी तोडावीत, अन्यथा पंखयुक्त हलके बी वाऱ्याने उडून जाते. बोंडे कापडावर पसरून दोन-तीन दिवस उन्हात ठेवली की सहा फाकांनी उकलतात. बी रात्रभर पाण्यात भिजवून फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळूमिश्रित मातीच्या वाफ्यात पेरावे व वर वाळूचा केवळ पातळ थर द्यावा. झारीने पाणी द्यावे. दोन ते चार आठवड्यांत बी रुजते. सर्वच बी रुजत नाही, म्हणून ते थोडे दाट पेरावे. रोपांस दोन-तीन पानांच्या जोड्या आल्यावर ती पिशव्यांत लावावीत व पुढील वर्षीच्या पावसात कायम जागी न्यावीत. तयार रोपांसाठी वन विभाग किंवा सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करावी.

लागवड व निगा

मे महिन्यात ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्यावा. चांगला पाऊस होण्याआधी वरच्या थराची माती व दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा. जून-जुलैत मुळांभोवतीची माती न फोडता रोप लावावे, काठीचा आधार द्यावा व शेळ्यांपासून रक्षणासाठी काटेरी कुंपण करावे. पहिले दोन उन्हाळे दर चार-पाच दिवसांनी पाणी द्यावे व बुंध्याभोवती भाताच्या पेंढ्याचे आच्छादन घालावे.

छाटणीची वेळ फार महत्त्वाची आहे. ताम्हणाची फुले त्याच वर्षीच्या नव्या फुटीच्या टोकावर येतात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत, नवी फूट निघण्यापूर्वी, वाळक्या व दाट फांद्या काढाव्यात. मार्च-एप्रिलमध्ये छाटणी केल्यास फुलेच कापली जातात. 'झाड फुलत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. दर वर्षी पावसाच्या आरंभी दोन घमेली शेणखत पुरेसे होते. युरियाचा अतिरेक केल्यास पाने वाढतात व फुले घटतात. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. चांगली निगा राखल्यास साधारणतः चौथ्या ते सहाव्या वर्षी झाड फुलू लागते.

समारोप

परक्या हवेतील झाडास दोष देण्यात अर्थ नाही. त्यास हवी ती थंडी आपण देऊ शकत नाही, इतकेच. वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला, तेव्हापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपण झाडे लावीत आलो आहोत. येत्या वनमहोत्सवात प्रत्येक ग्रामपंचायतीने शाळेच्या व चावडीच्या आवारात निदान दोन ताम्हणे लावावीत आणि येत्या थंडीत जवळच्या झाडाची बोंडे शाळेतील मुलांकरवी गोळा करावीत. ज्या शेतकरी बंधूंनी चेरीसाठी पैसे बाजूस ठेवले असतील, त्यांनी त्यांतून एक चांगले कुंपण करावे. रोप जगते की मरते, हे बहुधा त्यावरच ठरते.