पोटाची चरबी गालात: आधी काय माहीत हवं?

गटातल्या काहीजणींनी आम्हाला विचारलं, मोबाइलवर जाहिरात येते की पोटाची चरबी काढून गालात, छातीत नाहीतर नितंबात भरून देतात, ते खरं का? खरं आहे, आणि नवीनही नाही. १८९३ साली गुस्ताव नॉयबर या जर्मन सर्जनने दंडाची चरबी घेऊन चेहऱ्यावरच्या व्रणाचा खड्डा भरला होता. जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा फोटो असतो, मधले महिने नसतात. आज आपण त्या महिन्यांबद्दल बोलू.

भूल देऊन पोटाला किंवा मांडीला बारीक छेद घेतात आणि पोकळ नळीने चरबी ओढतात. ती स्वच्छ करून दुसरीकडे थेंबाथेंबाने सोडतात. थेंबाथेंबाने का? आपण भाताची लावणी करतो ना, तसंच. अख्खी पेंढी एका जागी रोवली तर मधली रोपं मरतात. चरबीच्या प्रत्येक थेंबालाही आजूबाजूचं रक्त मिळावं लागतं, तरच ती जगते.

सगळी जगत नाहीच. साधारण निम्मी टिकते, कुणाची कमी, कुणाची जास्त. उरलेली शरीर शोषून घेतं. म्हणून सुरुवातीला सुजून खूप भरलेलं दिसतं, मग उतरत जातं. 'पैसे वाया गेले' असं बाईला वाटतं ते याच वेळी. खरं रूप तीन ते सहा महिन्यांनी कळतं. पुन्हा करावं लागलं तर खर्च किती, हे आधीच विचारा.

भरलेल्या जागेपेक्षा काढलेली जागा जास्त दुखते. काळे-निळे डाग दोन-तीन आठवडे राहतात. घट्ट पट्टा चार ते सहा आठवडे घालावा लागतो. हंडा, मोळी, खताचं पोतं महिनाभर तरी बंद. तेवढे दिवस पाणी कोण भरणार, हे घरात आधी ठरवा. भरलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. आणि मशेरी? तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, चरबी मरते, जखम भरत नाही. काही आठवडे आधीपासून सोडावीच लागेल, यात सूट नाही.

नितंबात भरणं सगळ्यात धोक्याचं. चरबी मोठ्या शिरेत शिरली तर फुप्फुसात जाऊन जीव जातो. असे मृत्यू झाल्यामुळे २०१८ साली प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांनी, स्नायूत चरबी अजिबात सोडू नका, असा इशारा दिला. आमचं मत विचाराल तर हौसेसाठी हा धोका पत्करू नये.

घरी आल्यावर दम लागला, छातीत दुखलं, एक पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. चेहऱ्यात भरल्यावर दिसायला कमी झालं तरीही तसंच.

हे काम पार्लरचं नाही. डॉक्टरकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, भूलतज्ज्ञ हजर असणार का, हे बेधडक विचारा. नुसत्या सौंदर्यासाठी सरकारी आरोग्य योजनेतून पैसे मिळत नाहीत. भाजल्याचे व्रण किंवा स्तनाच्या कॅन्सरनंतरची दुरुस्ती ही गोष्ट वेगळी. त्यासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभागात चौकशी करा. छातीत चरबी भरली असेल तर पुढे कधीही स्तनाची तपासणी करताना तसं सांगा. मेलेल्या चरबीच्या गाठी होतात, आणि त्या तपासूनच कॅन्सरपासून वेगळ्या ओळखाव्या लागतात.