जुन्या मोबाइलचं कुलूप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

काष्टी किंवा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा माणूस बाजार समितीची पावती झाल्याशिवाय दावं हाती घेत नाही. तोच माणूस पाच-सात हजारांचा जुना मोबाइल मात्र चहाच्या टपरीवर, नुसत्या शब्दावर घेऊन येतो. घरी येऊन चालू केला की पडद्यावर एकच मागणी: या फोनवर आधी असलेल्या गूगल खात्यानं साइन-इन करा. मग दुकानांच्या चकरा सुरू होतात आणि दर दुकानात एखादा नवा गैरसमज पदरात पडतो. त्यांतले नेहमीचे पाहू.

गैरसमज 1: रीसेट मारला की फोन कोरा होतो.

वस्तुस्थिती: फोटो, नंबर, व्हॉट्सॲप सगळं जातं, मालकाची खूण जात नाही. आयफोनला हे कुलूप 2013 मध्ये आयओएस 7 सोबत आलं, अँड्रॉइडला 2015 मध्ये 5.1 या आवृत्तीसोबत. दुकानदार त्याला ‘एफआरपी’ म्हणतात. उसाच्या एफआरपीशी तिचा संबंध नाही. ही फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन. फोनवर गूगल खातं आणि स्क्रीन लॉक दोन्ही असले की ती आपोआप लागू होते. खूण मेमरीच्या अशा कप्प्यात असते, जो रीसेटनं पुसला जात नाही. म्हणून बटणं दाबून, रिकव्हरीतून रीसेट केलेला फोन आधीचा पिन किंवा आधीचं खातं मागतो. आयफोनची नोंद तर ॲपलच्या सर्व्हरवर असते. सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं तरी चालू होताना फोन तिथं विचारतोच.

गैरसमज 2: लॉक लागला, म्हणजे फोन चोरीचाच.

वस्तुस्थिती: चोरीचा असू शकतो, पण विसरभोळेपणाचाही असतो. नवा फोन घेताना दुकानातल्या पोरानं नाहीतर भाच्यानं जीमेल काढून दिलेलं असतं. आयडी कुणी लिहून ठेवत नाही, पासवर्ड तर नाहीच. पुढं कधी तरी नातू पॅटर्न बदलून बसतो, दुकानदार रीसेट मारतो आणि मालकच बिनफोनाचा होतो. अशा वेळी गूगलच्या ‘अकाउंट रिकव्हरी’त मोबाइल नंबर टाकून खातं शोधता येतं. खात्याला जोडलेलं सिम चालू असेल, तर मार्ग निघण्याची शक्यता बरीच असते. पासवर्ड बदलल्यावर मात्र लगेच पुन्हा रीसेट मारू नये. गूगल 24 तास थांबायला सांगतं. हेही जमलं नाही, तर मूळ बिल आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जावं. बिल जपून ठेवण्याचा उपयोग इथं कळतो.

गैरसमज 3: फ्लॅशिंगवाला पाचशे रुपयांत लॉक काढतो, मग काळजी कशाला?

वस्तुस्थिती: जुन्या फोनांत काही फटी होत्या, त्यांतून हे धंदे चालले. त्या फटी कंपन्या दर अपडेटला बुजवत आल्या आहेत. अँड्रॉइड 15 पासून बंदोबस्त आणखी कडक झाला. आज पळवाटेनं चालू केलेला फोन पुढच्या रीसेटला किंवा अपडेटला पुन्हा अडू शकतो. शिवाय कुठून तरी उतरवलेलं सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरतं, आणि त्याच फोनवर आपण फोनपे चालवतो. कुणी ‘आयएमईआयच बदलून देतो’ म्हणाला, तर तिथून उठावं. फोनच्या या ओळख क्रमांकाशी छेडछाड केल्यास दूरसंचार कायदा 2023 प्रमाणे 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गैरसमज 4: लॉक नाही, म्हणजे फोन स्वच्छ.

वस्तुस्थिती: खात्याचं कुलूप वेगळं, सरकारी नोंद वेगळी. फोन हरवल्याची पोलिसांत तक्रार देऊन मालक सीईआयआर या सरकारी यंत्रणेतून त्याचा आयएमईआय बंद करू शकतो. संचार साथी पोर्टलवर ही सोय मे 2023 पासून देशभर आहे. समजा, शिर्डीच्या गर्दीत हरवलेला फोन संगमनेरला कुणी विकत घेतला. त्यात सिम पडलं की माग लागतो, आणि पोलीस ठाण्याचा फोन येतो तो घेणाऱ्याला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. बिल आणि विकणाऱ्याचं नावगाव हाताशी नसेल, तर आपण जाणूनबुजून घेतला नाही हे पटवून देणं अवघड जातं.

तपासणी फुकट आहे. *#06# दाबलं की 15 आकडी आयएमईआय दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो क्रमांक, असा मेसेज 14422 वर पाठवायचा. उत्तरात काळ्या यादीतला, दुबार किंवा आधीच वापरात असलेला क्रमांक असं आलं, तर तो फोन घेऊ नये.

गैरसमज 5: विकताना सिम आणि मेमरी कार्ड काढलं की झालं.

वस्तुस्थिती: घेणाऱ्याची निम्मी डोकेदुखी इथं तयार होते. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल खातं काढावं. सॅमसंग किंवा शाओमीचं स्वतःचं खातं असेल, तर तेही. आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करून साइन-आउट व्हावं. त्यानंतरच सेटिंग्जमधून रीसेट. काढायचं राहिलंच, तर आयफोनचा आधीचा मालक घरबसल्या आयक्लाउडवरून तो फोन आपल्या खात्यातून काढू शकतो. हप्त्यावर घेतलेल्या फोनला कर्ज देणाऱ्या कंपनीचंही लॉक असू शकतं. ते हप्ते फेडूनच सुटतं, म्हणून ‘नो ड्यूज’चा कागद मागून घ्यावा.

खात्याचं कुलूप उघडण्याचा अधिकार आधीच्या मालकाचा, आणि तो हाताशी असतो तो व्यवहाराच्या वेळी. त्यामुळं फोन विकणाऱ्यासमोर रीसेट करून घ्यावा, आपल्या हॉटस्पॉटला जोडावा, आपलं खातं टाकून होम स्क्रीनपर्यंत जावं. एका कागदावर दोघांची नावं, तारीख, रक्कम आणि आयएमईआय लिहून सह्या कराव्यात. पैसे त्यानंतर द्यावेत. विकणारा एवढ्याला तयार नसेल, तर फोन कितीही स्वस्त असला तरी तो व्यवहार सोडून द्यावा.