जत्रेचा तमाशा : सुपारी, उचल आणि आपला शब्द



आपल्याकडे 'फड' म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक, तोडणीला आलेला उसाचा फड. आणि दुसरा, ट्रकांतून सामान उतरवून रानात रंगमंच उभा करणारा तमाशाचा फड. दोन्ही फडांचा हंगाम दसऱ्याच्या आगेमागेच सुरू होतो. इकडे बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते. तिकडे फडमालक ढोलकीची पूजा करून घर सोडतो. आपले गाळप चैत्राच्या सुमारास आटोपते, तमाशाचा हंगाम मात्र बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो.

आपल्या सभासदांपैकी पुष्कळजण गावच्या यात्रा कमिटीवर आहेत. तमाशा कोणाचा आणायचा, किती पैसे द्यायचे, हे तेच ठरवतात. म्हणून हा व्यवहार आतून कसा चालतो, ते या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

तमाशाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. संगीतबारी ही थिएटरात बसून पाहायची. तिच्यात लावणी आणि अदाकारी मुख्य. जत्रेत येतो तो ढोलकी फडाचा तमाशा. त्याचा क्रम ठरलेला : आधी गणपतीला वंदन करणारा गण, मग कृष्ण, पेंद्या आणि मावशीची गवळण, त्यानंतर सोंगाड्याची बतावणी, लावण्यांची रंगबाजी आणि शेवटी वग. वग म्हणजे पुरे नाटकच. पहिला वग म्हणून 'मोहना-बटाव'चे नाव घेतात. तो सावळजच्या उमा-बाबाच्या फडाने १८६५ साली उभा केला असे सांगतात. पुढे वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी घरदार सोडून फडात आले आणि पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) या नावाने अजरामर झाले. त्याच तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी (१९२०-१९६९) तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन कामगार-शेतकऱ्यांचे प्रश्न त्यातून मांडले. कवलापूरच्या काळू-बाळूंचा 'जहरी प्याला' पाहिलेली जुनी माणसे आजही तो आठवून हसतात. सांगायचे एवढेच, की उसाच्या पट्ट्यातले हे घरचे नाटक आहे. ते काही मुंबई-पुण्याहून आलेले नाही.

आता व्यवहाराकडे वळू. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसे असतात. नाचणाऱ्या व गाणाऱ्या स्त्रिया, सोंगाडे, ढोलकी-हलगीवाले, वगातले नट ही आपल्याला दिसणारी. त्यांच्याखेरीज ड्रायव्हर, वायरमन, आचारी, तंबू ठोकणारे बिगारी. ही माणसे हंगामासाठी बांधून घ्यायची तर फडमालकाला आधी उचल द्यावी लागते. आपला तोडणी मुकादम टोळीला उचल देतो, अगदी तशीच. कारखान्याच्या टोळीमागे निदान कारखाना उभा असतो. फडमालकामागे कोणी नसतो. तो सावकाराकडून व्याजाने पैसा उचलतो आणि येणाऱ्या सुपाऱ्यांच्या भरवशावर फेडतो.

दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत मोठे फड तंबू लावून तिकिटावर खेळ करतात. यात कमाईची शाश्वती नाही. थंडी कडाक्याची पडली, परीक्षा आल्या, शेजारच्या गावात दुसरा कार्यक्रम असला की तंबू अर्धा रिकामा. खरी भिस्त असते ती चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्यांवर. पुष्कळ छोटे फड तर या दोन महिन्यांपुरतेच उभे राहतात.

या सुपाऱ्या ठरवण्याचे मोठे ठिकाण म्हणजे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी जीपा करून जातात, राहुटीत चटईवर बसून बोली करतात, विसार देतात आणि नारळ-सुपारी घेऊन परततात. दर ठरतो तो फडाच्या नावावर आणि त्याहून अधिक तिथीवर. चैत्र पौर्णिमा आणि चैत्र वद्य अष्टमी या दिवशी शेकडो गावांची जत्रा एकदम येते. फड मोजके, गावे अनेक. म्हणून त्या दिवसाचा भाव चढतो. एरवीच्या तिथीला तोच फड बऱ्याच कमी पैशांत येतो. कमिटीने हे ध्यानात ठेवावे.

नारायणगावचे नाव निघाले की विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची आठवण होतेच. त्यांना १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपती पदक मिळाले. २००२ साली त्या गेल्या, पण अखेरचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. राष्ट्रपतींनी गौरवलेल्या कलावतीची ही गत, तर फडातल्या साध्या नटाची काय होत असेल, याचा विचार आपणच करावा.

अलीकडची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. २०२० साली ऐन गुढीपाडव्याला, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या वर्षीच्या आणि २०२१ च्याही जत्रा बुडाल्या. उचल वाटून झाली होती, व्याज मात्र चालूच राहिले. कित्येक कलावंत मजुरीला गेले.

हे सारे सांगण्याचे कारण असे. काही वर्षांपूर्वी आमच्या पाहण्यातल्या एका गावी जत्रेच्या रात्री नऊच्या सुमारास वळवाचा पाऊस कोसळला. गण-गवळण झाली होती, पुढचा खेळ बंद पडला. सकाळी कमिटीतले चौघे म्हणाले, "खेळ पुरा झाला न्हाई, राहिलेलं पैसं मिळायचं न्हाईत." फडमालक हात जोडून म्हणाला, "आण्णा, पाऊस काय आम्ही आणला व्हय? शंभर माणूस हाय माझ्याकडं. रातच्याला दुसऱ्या गावाला उभं ऱ्हायचंय. डिझेल कशानं भरू?" दोन तास घासाघीस चालली. ट्रक वेशीवर उभे, बायका मुलांना घेऊन ओल्या कनातीवर बसलेल्या. अखेर गावातले एक म्हातारे सभासद पुढे आले. म्हणाले, "गड्यांनो, कारखान्याचं बिल आठ दिस लांबलं तर आपण सभेत माईक धरून भांडतो. मग ह्यांच्या घामाचं पैसं आपण दाबायचं?" कमिटी गप्प झाली. फडाला उरलेली रक्कम मिळाली आणि गाड्या हलल्या.

म्हाताऱ्याचे बोलणे आम्हांला पटले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळणे हा आपला हक्क आहे, आणि तो आपण बजावून मागतो. फडवाल्याला असा कोणताही आदेश नाही. त्याच्यापाशी आहे फक्त गावाचा शब्द.

म्हणून यात्रा कमिटीच्या सभासदांना आमची काही विनंती आहे.

पहिली गोष्ट, करार लेखी करा. त्यात तिथी आणि तारीख दोन्ही लिहा, म्हणजे पंचांगाचा घोळ होत नाही. विसार किती, बाकी केव्हा, हे स्पष्ट असावे. बाकी रक्कम खेळाआधी कमिटीतल्या दोघांच्या ताब्यात तयार ठेवावी आणि पहाटेच्या घासाघिशीला जागाच ठेवू नये. पाऊस आला, वीज गेली किंवा गावात दुःखद घटना घडली तर काय करायचे, हेही आधीच ठरवा. खेळ कितपत झाला तर किती पैसे, हे कागदावर असले की सकाळी कोणाचा आवाज चढत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. पूर्वी वग पहाटेपर्यंत रंगे. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही. सरकारने सणा-उत्सवासाठी वर्षातल्या ठराविक दिवशी सवलत दिली तरी ती बारापर्यंतच. मग आपल्याकडे होते काय? साडेनऊपर्यंत पाहुण्यांचे सत्कार, नारळ, फेटे आणि भाषणे. त्यानंतर गण, गवळण, चार लावण्या की पोलीस घड्याळ दाखवतात. वग राहतो तो राहतोच. नवी पोरे म्हणतात, तमाशात नुसती गाणी असतात. अहो, गाणीच असणार. नाटकाला आपण वेळच देत नाही! तेव्हा सत्कार दिवसा पालखीच्या वेळी उरका. खेळ सातला उभा करा. दुसऱ्या दिवशी कुस्त्यांच्या आखाड्याआधी हजेऱ्यांचा कार्यक्रम असतोच. तिथे वेळ काढून वगातला एखादा प्रवेश करायला सांगा. फड आनंदाने करतील.

तिसरी गोष्ट माणुसकीची. फडात लेकुरवाळ्या बायका असतात. त्यांना कपडे बदलायला बंदिस्त जागा, संडास आणि पिण्याचे पाणी मिळालेच पाहिजे. शाळेच्या दोन खोल्या उघडून दिल्या तरी भागते. खेळात शिट्टी, फेटा उडवणे हे चालायचेच. पण रंगमंचावर चढणे, खडे मारणे, कलावतीच्या मागे लागणे हे गावाला काळिमा लावणारे आहे. आपल्याच गावच्या वीस तरुणांना बिल्ले लावून उभे करा. बाहेरच्या बंदोबस्तापेक्षा घरच्या पोराचा धाक जास्त.

जत्रेचा तमाशा घरटी वर्गणीवर होतो. ज्याचे दहा एकर बागायत त्याने दिले, ज्याची वीतभर जमीन नाही त्यानेही दिले, आणि दोघांनी एकाच मैदानात बसून पाहिले. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. शेअरच्या पैशांतून कारखाना उभा करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही रीत नव्याने शिकवायला नको. वर्गणी दिली म्हणजे आपण मालक झालो, हे खरे. पण मालकाला देणेही चुकवावे लागते.

येत्या चैत्रात आपापल्या गावी राहुटीवर जाताना हा अंक सोबत ठेवावा. फड आपल्या वेशीतून पुढच्या गावाला जाईल तेव्हा तिथे त्याने आपल्या गावाचे नाव चांगल्या तोंडाने घ्यावे, एवढीच आमची इच्छा आहे.