बर्फाच्या बादलीची टूम

टूम अल्पायुषी असते. आज जिच्यावाचून कोणाचे चालत नाही, ती उद्या कोणाच्या स्मरणातही उरत नाही. म्हणूनच शहाणी माणसे टुमेला पोरखेळ समजून सोडून देतात. परंतु २०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत उसळलेल्या एका टुमेचा हिशेब मात्र पाहण्याजोगा आहे.

खेळ अगदी साधा होता. बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यावयाची, ते दृश्य चित्रित करून फेसबुकवर सर्वांना दाखवावयाचे आणि तिघांची नावे घेऊन त्यांना आव्हान द्यावयाचे. आव्हान मिळालेल्याने चोवीस तासांत भिजावे किंवा दान करावे. अनेकांनी दोन्ही केले. एकाचे तीन, तिघांचे नऊ, या हिशेबाने दहाव्या फेरीस आकडा ५९,०४९ वर जातो. शिवाय चारचौघांत नाव पुकारल्यावर माघार घेणे कोणास रुचेल?

थोरांची फजिती पाहण्यात लोकांना विशेष गोडी वाटली. बिल गेट्स यांनी बादली उलटविण्यासाठी खास सांगाडा तयार केला. माजी अध्यक्ष जॉर्ज बुश धनादेश लिहून सुटू पाहत होते, तोच त्यांच्या पत्नीने मागून पाणी ओतले. बुश यांनीही लगेच बिल क्लिंटन यांना वाढदिवसाची भेट म्हणून तीच बादली देऊ केली! बराक ओबामा यांनी मात्र कोरडे राहून दान दिले.

या हास्यामागे एक दारुण व्याधी होती. ‘ए. एल. एस.’ या नावाच्या या रोगात स्नायूंना आज्ञा पोहोचविणाऱ्या मज्जापेशी हळूहळू नष्ट होतात. हातपाय, वाणी आणि अखेर श्वासही थांबतो. बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत राहते. बेसबॉलपटू लू गेहरिग १९४१ मध्ये याच रोगाने गेला. ही बादली या रोगाशी जोडली जाऊन सर्वतोमुखी झाली ती पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन या दोन तरुण रुग्णांमुळे.

अमेरिकेतील ‘ए. एल. एस. असोसिएशन’कडे त्या उन्हाळ्यात ११ कोटी ५० लाख डॉलर जमले. त्यातील मोठा वाटा संशोधनास गेला. २०१६ मध्ये या रोगाशी निगडित ‘नेक-१’ या जनुकाचा शोध जाहीर झाला; त्या कार्यास याच निधीचे साहाय्य होते. याच निधीतून मदत मिळालेल्या एका औषधास अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. परंतु मोठ्या चाचणीत ते निष्फळ ठरल्याने २०२४ मध्ये मागे घ्यावे लागले. शास्त्राची वाट टुमेसारखी वेगवान नसते.

पाण्याच्या या उधळपट्टीवर टीकाही झाली. भारतात हैदराबादेतून त्याच वर्षी निराळे उत्तर निघाले: बादलीभर तांदूळ गरजूला द्यावा. पाणी वाहून जाते, तांदूळ कोणाच्या तरी चुलीवर चढतो.

पुढल्या वर्षी तोच खेळ पुन्हा मांडला गेला, पण पहिला रंग भरला नाही. फ्रेट्स २०१९ मध्ये निवर्तला, क्विन २०२० मध्ये. टूम ओसरली, रोगावर रामबाण उपाय अद्याप सापडलेला नाही. तरीही घटकाभराच्या हशातून प्रयोगशाळांचे दिवे वर्षानुवर्षे जळत राहिले, एवढे श्रेय त्या बादलीला दिलेच पाहिजे.