जवळचा दिवा आणि दूरची वाट

सोलापुरांतील एखाद्या बँकेंत भर दुपारीं असा प्रसंग ओढवतो : गिऱ्हाइकांची रांग उभी आहे, संगणक चालू आहेत, जोडणीच्या पेटीवरील हिरवा दिवा लुकलुकत आहे, आणि तरीही मुंबईच्या कचेरींतून एकाही खात्याचा हिशेब येत नाहीं. कारकून दिव्याकडे बोट दाखवून सांगतो कीं, आमच्याकडे सर्व ठीक आहे. तें खरेंही असतें. दोष पुढें कोठें तरी झालेला असतो. पण तो झाला आहे हेंच येथील यंत्राला कळलेलें नसतें.

आगगाडीचें उदाहरण घेतलें म्हणजे ही अडचण उमगते. सोलापूरहून पुण्याकडे जाणारी गाडी मोहोळ, माढा, कुर्डुवाडी या मार्गानें दौंडास जाते. समजा, कुर्डुवाडीच्या पुढें रूळ उखडले. मोहोळपर्यंतचा मार्ग धडधाकट आहे एवढ्यावरच सोलापुरांतून गाड्या सुटत राहिल्या, तर त्या वाटेंत अडकून पडतील. म्हणूनच पुढच्या स्टेशनानें 'लाइन क्लिअर' दिल्यावांचून गाडी सोडावयाची नाहीं, असा ब्लॉक पद्धतीचा नियम आहे. बातमी वेळेवर मिळाली, तर पंढरपूर, मिरज अशा वळणानें गाडी पुण्यास नेतां येते. वाट लांबची खरी, पण ती आहे.

संगणकांच्या जाळ्यांत ईथरनेट ही पद्धत १९७३ सालीं अमेरिकेंत निघाली. प्रकाशलहरी वाहून नेणाऱ्या ज्या 'ईथर'वर जुन्या शास्त्रज्ञांचा विश्वास होता, त्याचें हें नांव. तो ईथर शास्त्रानें केव्हांच टाकून दिला, नांव मात्र टिकलें. या पद्धतींत तार तुटली कीं तिच्या टोकाचा दिवा विझतो. परंतु दिवा सांगतो तो केवळ जवळच्या तारेविषयीं.

महत्त्वाच्या संगणकाला दोन तारा जोडून त्या दोन निराळ्या स्विचांना नेतात. प्रत्येक स्विचाची एक जोडणी वर, मुख्य जाळ्याकडे जाते. पहिल्या स्विचाची वरची जोडणी तुटली, तरी संगणकापासून त्याच्यापर्यंतची तार शाबूतच असते. संगणक बापडा त्याच्याकडेच मजकूर पाठवीत राहतो. स्विचाला पुढें वाट नसल्यानें तो मजकूर नाहींसा होतो, आणि दुसरी तार रिकामी पडून राहते. यावरचा उपाय प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. स्विच वरच्या जोडणीवर नजर ठेवतो, आणि ती गेल्याबरोबर खालच्या चांगल्या जोडण्या मुद्दाम आपल्या हातानें बंद करतो. दिवा विझतो, संगणकाला सत्य स्थिति कळते, आणि तो दुसरी तार धरतो. वरची जोडणी परत आली तरी खालचें दार लागलीच उघडूं नये, थोडें थांबावें. नाहीं तर डळमळीत तारेपायीं सारें जाळें क्षणोक्षणीं इकडून तिकडे हेलकावत राहतें.

कधीं कधीं मधला मार्ग दुसऱ्याच कंपनीचा असतो. तेथें दूरचें टोक तुटलें तरी जवळच्या तारेंतील संकेत चालूच राहतो. अशा ठिकाणीं दोन्ही टोकें एकमेकांस सतत 'आहे, आहे' असा छोटा निरोप धाडतात. हा निरोप सेकंदास ३०० वेळांपर्यंत जाऊं शकतो. लागोपाठ तीनएक चुकले कीं मार्ग तुटला असें समजावयाचें. २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकानें वाट बदलण्यास ५० मिलिसेकंदांची मर्यादा घातली आहे. पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. रेडिया पर्लमन यांनीं १९८५ सालीं शोधलेल्या जुन्या रीतींत याच कामास ५० सेकंदही लागत.

मात्र दोन्ही तारा एकाच चरांतून आणल्या असतील, तर रस्ता खोदणारें यंत्र एका फटक्यांत दोन्ही तोडतें, आणि मग स्विच कितीही सावध असला तरी त्याचा इलाज चालत नाहीं. दुसरी जोडणी घेतांना ती कोणत्या रस्त्यानें येते हें आधीं विचारावें. ती आल्यावर एखाद्या रविवारीं, बँक बंद असतांना, पहिली तार स्वतः उपसून काढावी आणि घड्याळ हातांत धरून पाहावें.