क्लचचं ऑइल जातं कुठं?

पहिला गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. रिव्हर्स तर इंजिन बंद केल्याशिवाय पडतच नाही. पॅडल दोन-तीनदा भराभर दाबलं, की मात्र गिअर गुमान पडतो. जुन्या सुमोची ही लक्षणं सांगितली, की निलंग्यात काय किंवा लातुरात काय, पहिला सल्ला ठरलेला असतो: "प्लेट गेली." मग गिअरबॉक्स खाली उतरतो, प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सगळं नवं पडतं, आणि थोड्याच दिवसांत पॅडल पुन्हा तळाला टेकतं. प्लेटचा काही संबंधच नसतो. कुठंतरी एक रबरी वॉशर झिजलेला असतो.

प्लेट खरोखर झिजली, की लक्षणं उलटी दिसतात. इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, चढावर जळका वास येतो. गिअर पडायला त्रास आणि पंप मारल्यावर सुटका, ही तक्रार बहुतेक वेळा ऑइलच्या यंत्रणेची असते.

टाटांची सुमो १९९४ साली रस्त्यावर आली. टेल्को ही टाटांची वाहन कंपनी घडवणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावाची इंग्रजीतली पहिली अक्षरं जोडून तिचं नाव ठेवलं. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज धावणारी प्रत्येक सुमो वयस्क आहे, आणि तिच्यातलं मूळ रबरही. ब्रिटनमधल्या एमजीबीसारख्या जुन्या स्पोर्ट्‌स कार हौसेनं जपणाऱ्यांनाही नेमकी हीच दुरुस्ती करावी लागते. किंमत वेगळी असली, तरी क्लचची रचना तीच आहे.

रचना समजायला अवघड नाही. पॅडलच्या पुढे, बॉनेटखाली केबिनच्या भिंतीला मास्टर सिलिंडर असतो. पॅडल दाबलं की त्याच्यातला पिस्टन पिचकारीच्या दट्ट्यासारखा पुढे सरकतो आणि ऑइल नळीतून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरकडे ढकललं जातं. स्लेव्हचा पिस्टन बाहेर येऊन फोर्क दाबतो, फोर्क बेअरिंगला ढकलतो आणि प्लेट सुटते. ऑइल दबत नाही, म्हणून पायाचा जोर पुरा पोचतो. हवा मात्र दबते. नळीत थोडी जरी हवा शिरली, तरी पायाचा जोर ती दाबण्यातच खर्च होतो. दोन-तीनदा पंप मारल्यावर गिअर का पडतो, त्याचं उत्तर इथं आहे: प्रत्येक दाबाला थोडं जास्त ऑइल नळीत जातं आणि हवेमुळं कमी पडलेली मजल भरून निघते.

आता गळती शोधायची. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोडी लावाच.

आधी पायाखालचं मॅट उचला. पॅडलच्या दांड्यावरून केबिनच्या आत ओल उतरली असेल, तर मास्टरचा मागचा वॉशर गेला. मग खाली जाऊन स्लेव्हचा रबरी बूट नखानं उचला. आतून ऑइल ओघळलं, तर स्लेव्ह गेला. थोडी ओल असली तरी तेच समजा, कारण बुटाच्या आत ऑइल पोचायलाच नको. दोन्ही कोरडे असतील तर नळीचे जोड आणि रबरी होज बघा. कुणाला तरी पॅडल दाबायला सांगून होज हातात धरा. ती फुगत असेल, तर दाब तिथंच वाया जातो.

आणि सगळंच कोरडं असेल, ऑइलच्या डबीतली पातळीही उतरत नसेल, तर? पॅडल दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टरचा पुढचा वॉशर ऑइल मागे सोडतोय. ऑइल पुन्हा डबीतच जातं, म्हणून बाहेर डाग पडत नाही. हाच दोष सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटतो आणि विनाकारण गिअरबॉक्स उतरवला जातो.

वॉशर किट बदलणं स्वस्त पडतं, पण किट बसवावं की नाही हे सिलिंडरची आतली भिंत ठरवते. पिस्टन काढून ती पुसा आणि उजेडात धरा. आरशासारखी गुळगुळीत असेल तर किट चालेल. गंजाचे खड्डे किंवा बोटाला लागणारी रेघ असेल, तर नवा वॉशर त्याच खड्ड्यावर घासून पुन्हा फाटेल. तेव्हा पूर्ण सिलिंडर घ्या. हे खड्डे पडतात कशामुळं? क्लच-ब्रेकचं नेहमीचं ऑइल, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, हवेतला ओलावा शोषून घेतं. वर्षानुवर्षं ते बदललं नाही, की तेच पाणी आतून लोखंड खातं. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावं असं म्हणतात, ते यासाठी. आपल्याकडचा मातीचा रस्ता बाहेरून मदत करतो: बूट फाटला, की धूळ थेट पिस्टनपर्यंत जाते.

माझं मत असं, की एक सिलिंडर गेला तर दुसराही त्याच वेळी उघडून बघावा. दोघांचं वय एकच असतं. एकाचं किट बदलल्यावर दाब पूर्ववत होतो, आणि तोच दाब दुसऱ्याच्या थकलेल्या वॉशरवर पडतो.

भाग धुवायला पेट्रोल किंवा डिझेल वापरू नका. ताजं ब्रेक ऑइल घ्या. इंजिन ऑइल तर यंत्रणेत चुकूनही टाकू नका. या वॉशरचं रबर खनिज तेलानं फुगतं आणि सगळे वॉशर एकदम जातात. रस्त्यात अडलं म्हणून डबीत मिळेल ते तेल ओतणाऱ्यांचं नुकसान इथं होतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं, तर लगेच पाण्यानं धुवा, ते रंग उचलतं.

शेवटी एअर काढायची. दोन माणसं लागतात. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. वरच्यानं पॅडल दाबून धरायचं, खालच्यानं निपल सोडायचं, बुडबुडे आले की निपल आवळायचं, आणि मगच पॅडल वर येऊ द्यायचं. हा क्रम चुकला तर हवा उलटी आत जाते. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. बुडबुडे थांबले, की पॅडल वरूनच कडक लागतं.

एक गोष्ट घाईत राहून जाते. मास्टरच्या पुशरॉडला किंचित ढील हवी. ती नसेल, तर पाय उचलल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल डबीत परतण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि दाब आत कोंडतो. मग क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि चांगली प्लेट खरोखरच जळते.

काम झालं की पॅडल दाबायला लावून स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते बघा. साधारण एक-दीड सेंटीमीटर सरकत असेल आणि तरीही गिअर ओरडत असेल, तरच प्लेट आणि बेअरिंगवर संशय घ्या. त्यामुळं गाडी गॅरेजला लावाल तेव्हा गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी मेकॅनिकला एवढंच सांगा: आधी स्लेव्हचा बूट उचलून दाखवा.